प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या पुढील सबफ्रेमचे संरेखन आणि कॉइलओव्हरसाठीचे मोजमाप : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यांमध्ये मूळ स्प्रिंग व शॉकअप काढून त्याजागी उंची बदलता येणारे कॉइलओव्हर बसविण्याकडे कल वाढत आहे. तथापि, गाडी एका बाजूला ओढणे, टायर एकाच कडेने झिजणे, वळणावर गाडी अस्थिर वाटणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा स्प्रिंगमध्ये नसून, ज्या आधारावर संपूर्ण पुढील सस्पेन्शन उभे असते त्या सबफ्रेमच्या किंवा क्रॉस मेंबरच्या सरकण्यात असते. प्रस्तुत लेखात प्रीमियर पद्मिनी ही मोटार डोळ्यासमोर ठेवून संरेखन तपासण्याची पद्धत, कॉइलओव्हर निवडण्यासाठी आवश्यक मोजमापे व त्यामागील गणित, तसेच धाराशिव जिल्ह्यातील रस्ते व कायदेशीर मर्यादा यांचा विचार केला आहे. आधाराचे मोजमाप पूर्ण होईपर्यंत कोणताही सुटा भाग खरेदी करू नये, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : प्रीमियर पद्मिनी, सबफ्रेम, क्रॉस मेंबर, संरेखन, कॉइलओव्हर, गती-गुणोत्तर, ताठरता.

१. प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाच्या इतिहासात सोलापूरचे नाव आदराने घ्यावे लागते. १८८२ मध्ये सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन बनावटीच्या डॉज व प्लिमथ गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९६४ पासून फियाट ११०० डी ही गाडी तेथे तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिलाच प्रथम 'प्रीमियर प्रेसिडेंट' व नंतर 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १,०८९ घनसेंमी क्षमतेचे इंजिन आणि पुढील व मागील आसांमध्ये २,३४० मिमी अंतर असलेली ही छोटेखानी गाडी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले आणि मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली.

टॅक्सी रस्त्यावरून गेली असली तरी खासगी मालकीच्या पद्मिनी पूर्णपणे नाहीशा झालेल्या नाहीत. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी जपून ठेवणारी कुटुंबे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. अशा गाडीचे वय आता किमान पाव शतकाहून अधिक आहे. रबरी बुश कडक झालेले, पत्र्याला गंज लागलेला, बोल्टची छिद्रे रुंदावलेली आणि पूर्वीच्या एखाद्या धडकेची दुरुस्ती अंदाजाने केलेली, अशा स्थितीत गाडी गॅरेजमध्ये येते. मालकाची अपेक्षा मात्र 'गाडी नव्यासारखी चालावी' अशी असते. या अपेक्षेपोटीच कॉइलओव्हरचा विचार पुढे येतो.

२. लेखाची उद्दिष्टे

(अ) सबफ्रेम, क्रॉस मेंबर व कॉइलओव्हर या संकल्पना स्पष्ट करणे.
(ब) तालुका पातळीवरील गॅरेजमध्ये उपलब्ध साधनांनी संरेखन कसे तपासावे, हे मांडणे.
(क) कॉइलओव्हरच्या निवडीसाठी लागणारी मोजमापे व गणित उदाहरणासह समजावून देणे.
(ड) स्थानिक रस्ते व मोटार वाहन कायदा यांच्या संदर्भात अशा बदलाची इष्टता तपासणे.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण

१९५३ मध्ये आलेल्या फियाट ११०० च्या पिढीपासून या गाडीला वेगळी लोखंडी चॅसिस नाही. पत्र्याची संपूर्ण बॉडी हाच तिचा सांगाडा होय. पद्मिनीने हीच रचना पुढे चालविली. अशा गाडीत पुढील चाकांचे आर्म ज्या जाड आडव्या भागाला जोडलेले असतात, त्यास क्रॉस मेंबर म्हणतात. इंजिन व सस्पेन्शन या दोहोंना धरणारी व बॉडीला बोल्टने जोडली जाणारी मोठी चौकट असेल तर तिला सबफ्रेम म्हणतात. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली १९५९ ची ब्रिटिश मिनी हे पुढे व मागे स्वतंत्र सबफ्रेम असलेल्या गाडीचे परिचित उदाहरण आहे. नाव कोणतेही असो, कार्य एकच : दोन्ही चाकांना एकमेकांशी व बॉडीशी ठरावीक नात्यात धरून ठेवणे. हे नाते बिघडले तर चाक नवे, टायर नवे, स्प्रिंग नवी असूनही गाडी सरळ चालत नाही.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या नळीभोवतीच स्प्रिंग बसविलेला एकत्रित भाग होय. नळीवरील आट्यांवरून फिरणाऱ्या चकतीने स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येते व त्यायोगे गाडीची उंची बदलते. मारुती ८०० च्या पुढील बाजूस असलेला मॅकफर्सन स्ट्रट दिसायला असाच असल्यामुळे दोहोंमध्ये गल्लत होते. स्ट्रट स्वतः चाकाला उभे धरून ठेवतो आणि त्याला पेलण्यासाठी बॉडीमध्ये भक्कम मनोरा मुळातच रचलेला असतो. कॉइलओव्हर चाकाला धरून ठेवत नाही. तो केवळ भार घेतो व हेलकावे शमवितो. म्हणून मारुतीवरील अनुभव जसाच्या तसा पद्मिनीवर लागू करता येत नाही.

४. कोणत्या आसावर कॉइलओव्हर शक्य आहे

पद्मिनीच्या पुढील बाजूस आर्म व गुंडाळी स्प्रिंग असलेले स्वतंत्र सस्पेन्शन आहे. मागील बाजूस अखंड आस पाट्यांवर बसविलेला आहे. हा फरक निर्णायक आहे.

मागील पाटे दुहेरी काम करतात. ते गाडीचा भार पेलतात आणि आसाला पुढे-मागे व आडवे सरकू देत नाहीत. पाटे काढून केवळ कॉइलओव्हर बसविले तर भार पेलला जाईल, परंतु आस जागेवर धरणारे काहीच उरणार नाही. त्यासाठी स्वतंत्र दांडे व त्यांचे ब्रॅकेट तयार करावे लागतील. पाटे ठेवून जोडीला कॉइलओव्हर बसविल्यास दुसरी अडचण उद्भवते. शॉकअपचे मूळ ब्रॅकेट हे हेलकावे शमविण्यापुरते बळ सोसण्यासाठी असतात, गाडीचे वजन कायम उचलून धरण्यासाठी नव्हे. जुन्या, गंजलेल्या पत्र्यात असे ब्रॅकेट कालांतराने तडकतात.

हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडर गाडीत पुढील बाजूस गुंडाळी स्प्रिंगऐवजी पिळाचा दांडा, म्हणजे टॉर्शन बार, होता. तेथेही हाच आक्षेप लागू पडतो. सारांश, ज्या ठिकाणी गाडीचा भार मुळात गुंडाळी स्प्रिंगच्या बैठकीवर येत होता, त्याच ठिकाणी कॉइलओव्हरचा विचार करावा. पुढील विवेचन म्हणूनच पद्मिनीच्या पुढील आसापुरते मर्यादित ठेवले आहे. तेथेही नव्या भागाचा भार मूळ स्प्रिंगच्या भक्कम बैठकीवर येतो की शॉकअपच्या खुंटीवर, हे प्रत्यक्ष गाडी पाहून ठरवावे.

५. संरेखन तपासण्याची पद्धत

बैलगाडीची दोन्ही चाके आखाशी काटकोनात नसतील तर गाडी ओढीस जड जाते, हे गावच्या सुताराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील माल गाड्यांमधून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. चाक, आस आणि काटकोन यांचे नाते तेव्हाही तेच होते. मोटारीच्या संरेखनासाठीही ओळंबा, सूत, गुण्या आणि गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी ही साधने पुरेशी आहेत. त्यांच्या जोडीला पोलादी टेप, दोन सरळ पट्ट्या आणि टॉर्क पाना असावा.

५.१ पूर्वतयारी

फरशी समतल असणे अत्यावश्यक आहे. पाण्याच्या नळीने चारही चाकांखालील पातळी तपासून कमी असलेल्या जागी पातळ पत्रे ठेवावेत. टायरमधील हवा नेमकी भरून, गाडी पुढे-मागे ढकलून स्थिर झाल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची नोंदवून ठेवावी. ही 'चालती उंची' होय. पुढील सर्व गणित तिच्यावर अवलंबून असते. त्यानंतर बॉडी मजबूत जागी स्टँडवर घ्यावी. विटा किंवा केवळ जॅक यांवर विसंबून गाडीखाली जाऊ नये.

५.२ मध्यरेषेची आखणी

बॉडीच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर असलेले मूळ बिंदू निवडावेत. मागील पाट्यांच्या पुढील टोकाचे बोल्ट, तसेच बॉडीच्या तळाशी कारखान्यात पाडलेली जोडछिद्रे यासाठी उपयुक्त ठरतात. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण करावी. उजव्या व डाव्या खुणांमधील मध्यबिंदू काढावेत. असे किमान तीन मध्यबिंदू एका सरळ रेषेत आले, तर ती बॉडीची मध्यरेषा मानता येते. ते एका रेषेत नसतील तर बॉडीच वाकलेली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी क्रॉस मेंबर सरकवून काही साध्य होत नाही; प्रथम बॉडीचे काम हाती घ्यावे लागते.

५.३ क्रॉस मेंबरची तपासणी

आता क्रॉस मेंबरचे बोल्ट व आर्मच्या आतील टोकांचे मध्य यांवरून ओळंबे सोडावेत आणि पुढील तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

(अ) मध्यरेषेपासून उजवे व डावे अंतर समान आहे काय.
(ब) उजव्या व डाव्या खुणा जोडणारी रेषा मध्यरेषेशी काटकोनात आहे काय. यासाठी ९००, १,२०० व १,५०० मिमी बाजूंचा त्रिकोण सुताने आखावा.
(क) क्रॉस मेंबरवर व मागील बिंदूंवर सरळ पट्ट्या आडव्या धरून मागून पाहिल्यास दोन्ही समांतर दिसतात काय. नसल्यास पीळ आहे.

गॅरेजमध्ये बहुधा केवळ कर्ण मोजले जातात आणि दोन्ही कर्ण समान आले की काम संपले असे समजले जाते. हे पुरेसे नाही. समजा, मोजणीचा चौकोन १,५०० मिमी लांब व ७०० मिमी रुंद आहे. क्रॉस मेंबर तिरका होऊन त्याच्या दोन टोकांत पुढे-मागे ३ मिमी फरक पडला, तर कर्णांत सुमारे २.७ मिमी फरक येतो. त्याच वेळी तो विरुद्ध बाजूस सुमारे ३.२ मिमी आडवा सरकलेला असेल, तर त्यामुळेही तितकाच पण उलट फरक पडतो. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि कर्ण तंतोतंत जुळतात. म्हणून कर्णांबरोबर बाजूंची लांबी व मध्यरेषेपासूनची अंतरे मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

या ३ मिमींचे महत्त्व काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. बोल्टमधील अंतर ७०० मिमी आणि दोन पुढील चाकांमधील अंतर सुमारे १,२३० मिमी धरल्यास, तेच तिरकेपण चाकांपाशी ५ मिमीहून अधिक होते. म्हणजे एका बाजूस पुढील-मागील चाकांतील अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा ५ मिमीने कमी राहते. मिस्त्रींच्या भाषेत १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. बोल्टपाशी एका सुताची चूक चाकापाशी दीड सुताहून मोठी होते.

५.४ दोष पुढे की मागे

दोन बाजूंच्या अंतरांत फरक आढळला म्हणजे दोष पुढेच आहे असे नाही. मागील पाट्यांना आसाशी जोडणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा झिजला तर मागील आस एका बाजूने सरकतो आणि टेपवर तोच फरक दिसतो. अशा गाडीचा क्रॉस मेंबर 'दुरुस्त' केल्यास एका दोषाचे दोन दोष होतात. मध्यरेषेचे खरे मोल येथे कळते : पुढील व मागील आस स्वतंत्रपणे त्याच एका रेषेशी ताडून पाहता येतात.

५.५ दुरुस्ती

क्रॉस मेंबर सरकवायचा असल्यास बोल्ट सैल करून, छिद्रांत निमुळते दांडे घालून तो हळूहळू जागी आणावा. रुंदावलेली छिद्रे मोठे वॉशर लावून झाकू नयेत. ती भरून पुन्हा पाडावीत. कडक झालेले बुश बदलावेत. बोल्ट समोरासमोरील कोपऱ्यांच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चालत्या उंचीवर आल्यानंतरच शेवटचे आवळावेत. चाक लोंबकळत असताना ते आवळल्यास गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी अकारण उंच उभी राहते आणि रबर लवकर फाटते. अशी खोटी उंची पाहून स्प्रिंग निवडली तर पुढील सर्व गणित चुकते. शेवटी टो, कॅम्बर व कॅस्टर तपासावेत. स्टिअरिंग बॉक्स बॉडीला व आर्म क्रॉस मेंबरला जोडलेले असतील, तर क्रॉस मेंबर हलविल्यानंतर टाय रॉडची लांबी पुन्हा जुळविणे अनिवार्य ठरते.

६. कॉइलओव्हरसाठीची मोजमापे

आधार सरळ असल्याची खात्री झाल्यावरच हा टप्पा येतो. प्रथम मूळ स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसर वापरून काढावी. दबलेल्या स्प्रिंगमधील ऊर्जेची कल्पना येण्यासाठी एक उदाहरण पुरे : प्रति मिलिमीटर सुमारे ३९ न्यूटन ताठरतेची स्प्रिंग ८८ मिमी दाबलेली असेल तर तिच्यात सुमारे १५० ज्यूल ऊर्जा साठते. १५ किलो वजन एक मीटर उंचीवरून पडावे, तितकी ही ऊर्जा आहे.

स्प्रिंग काढल्यानंतर आर्मखाली जॅक लावून चाक वर-खाली करता येते. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांची मापपट्टी करून कॉइलओव्हरच्या वरच्या व खालच्या बोल्टच्या मध्यांतील अंतर तीन स्थितींत मोजावे : चालत्या उंचीवर, चाक पूर्ण वर दाबले असता, आणि चाक पूर्ण खाली लोंबत असता. प्रत्येक स्थितीत कॉइलओव्हरच्या भोवती आर्म, ब्रेकचा पाइप, टाय रॉड यांच्यापासून मोकळी जागा किती राहते, हेही पाहावे. मोजणी दोन्ही बाजूंना करावी. बाजूंत फरक आला तर तो संरेखनाकडे परत जाण्याचा इशारा समजावा.

तक्ता क्र. १ : गणितासाठी गृहीत धरलेली मोजमापे (केवळ उदाहरणादाखल, प्रत्येक गाडीवर प्रत्यक्ष मोजणी आवश्यक)

चालत्या उंचीवर बोल्ट-मध्यांतील अंतर : ३३० मिमी
चाक पूर्ण वर असताना : २७५ मिमी
चाक पूर्ण खाली असताना : ३७५ मिमी
चाक ५० मिमी हलले असता कॉइलओव्हरच्या लांबीतील बदल : ३० मिमी
एका पुढील चाकावरील, स्प्रिंगने पेललेले वस्तुमान : २१० किलो
चालत्या उंचीवर स्प्रिंगच्या दोन बैठकींतील अंतर : १९० मिमी

६.१ शॉकअपची लांबी

चाक पूर्ण वर गेल्यावर रबरी स्टॉपने त्याला अडवावे, शॉकअपने नव्हे. म्हणून बंद लांबी २७५ मिमीपेक्षा थोडी कमी, समजा २६५ मिमी, हवी. पूर्ण उघडी लांबी ३७५ मिमीपेक्षा थोडी अधिक, समजा ३८० मिमी, हवी. म्हणजे ११५ मिमी चाल असलेला शॉकअप लागतो. केवळ 'दिसायला बसतो' म्हणून आखूड चालीचा शॉकअप घेतल्यास खड्ड्यात त्याची दांडी आतल्या तळावर आदळते आणि तो धक्का थेट बॉडीच्या पत्र्यावर जातो.

६.२ गती-गुणोत्तर व त्याचा वर्ग

आर्म ही एक तरफ आहे. चाक ५० मिमी हलल्यावर कॉइलओव्हर ३० मिमी दबतो, म्हणून गती-गुणोत्तर ०.६ होय. मोजणी कॉइलओव्हरच्या अक्षावरच केल्यामुळे त्याच्या तिरपेपणाचा परिणाम यात आपोआप समाविष्ट होतो. चाकापाशी जाणवणारी ताठरता काढताना या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. कारण तरफेमुळे स्प्रिंगचे बळ चाकापाशी ०.६ पट होते आणि शिवाय चाकाच्या हालचालीच्या ०.६ पटच स्प्रिंग दबते. दोन्ही परिणाम एकत्र येऊन ०.३६ हा गुणक मिळतो.

६.३ स्प्रिंगची निवड

प्रवासी गाडीचे वरखाली होणे सेकंदाला सव्वा ते दीड वेळा असल्यास ते सुखावह वाटते. येथे १.३ हर्ट्झ ही वारंवारिता धरली आहे. वस्तुमान गुणिले कोनीय वारंवारितेचा वर्ग या सूत्राने चाकापाशी लागणारी ताठरता सुमारे १४ न्यूटन प्रति मिमी येते. तिला ०.३६ ने भागल्यास स्प्रिंगची ताठरता सुमारे ३८.९ न्यूटन प्रति मिमी, म्हणजेच बाजारभाषेत सुमारे ४ किलो प्रति मिमी, मिळते.

२१० किलो वस्तुमानाचा भार सुमारे २,०६० न्यूटन आहे. तरफेमुळे स्प्रिंगवर तो ०.६ ने भागून सुमारे ३,४३३ न्यूटन होतो. या भाराखाली स्प्रिंग सुमारे ८८ मिमी दबेल. म्हणून तिची मोकळी लांबी १९० अधिक ८८, म्हणजे २७८ मिमीच्या जवळपास हवी. चाक पूर्ण वर गेल्यावर बैठकींतील अंतर १३५ मिमी उरते; तेव्हा स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. चाक पूर्ण खाली गेल्यावर अंतर २३५ मिमी होते. तेव्हाही स्प्रिंग ४३ मिमी दबलेली राहते, त्यामुळे ती बैठकीवरून सुटत नाही. या दोन्ही कसोट्यांवर उतरणारी स्प्रिंगच स्वीकारावी.

वर्ग विसरण्याचा परिणाम किती गंभीर असतो, हे याच उदाहरणावरून दिसते. १४ ला ०.३६ ऐवजी ०.६ ने भागले तर उत्तर २३.३ न्यूटन प्रति मिमी येते. त्या ताठरतेची, तितक्याच मोकळ्या लांबीची स्प्रिंग गाडीच्या भाराखाली सुमारे १४७ मिमी दबेल आणि तिची लांबी १३१ मिमीच्या आसपास उरेल. चाक पूर्ण वर असतानाची लांबी मात्र १३५ मिमी आहे. म्हणजे गाडी उभी असतानाच रबरी स्टॉपवर टेकलेली असेल आणि चाकाला वर जाण्यास जागाच उरणार नाही. चकती फिरवून उंची वाढविता येईल, परंतु स्प्रिंग गरजेपेक्षा मऊच राहील आणि ब्रेक लागताच गाडीचे नाक खाली जाईल.

६.४ वरच्या जोडणीची ताकद

चाक पूर्ण वर गेल्यावर निवडलेली स्प्रिंग १४३ मिमी दबते व वरच्या जोडणीवर सुमारे ५,५६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ५६५ किलो वजनाइतके बळ येते. शॉकअपचे स्वतःचे बळ त्याहून वेगळे. ही जोडणी मूळ स्प्रिंगच्या बैठकीइतकी भक्कम नसेल, तर कॉइलओव्हर बसविण्याचा विचार तेथेच थांबवावा.

७. धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

२०२३ मध्ये नाव बदललेल्या धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगा पसरल्या आहेत. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हे येथील प्रमुख रस्ते होत. महामार्गावरील वेग, घाटातील उतार व वळणे आणि महामार्ग सोडताच लागणारे खडबडीत गावरस्ते व उंच गतिरोधक, अशा तीन भिन्न परिस्थितींतून एकाच प्रवासात गाडीला जावे लागते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गाडी खाली बसविण्याची शहरी आवड येथे हानिकारक आहे. चालती उंची ३० मिमीने कमी केल्यास चाकाला वर जाण्यास उरलेल्या जागेतून तेवढीच जागा जाते. वरील उदाहरणात कॉइलओव्हरचा चालत्या उंचीपासून वरचा प्रवास ५५ मिमी, म्हणजे चाकापाशी सुमारे ९२ मिमी आहे. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अशा रीतीने नाहीसा होतो. दुसरी, घाट उतरताना ब्रेकमुळे भार पुढील आसावर सरकतो. त्याच क्षणी क्रॉस मेंबर सैल किंवा तिरका असेल तर गाडी एका बाजूला खेचली जाते. सपाट रस्त्यावर जी केवळ कटकट वाटते, तीच घाटात अपघाताचे कारण ठरू शकते.

साधनांच्या बाबतीत जिल्हा मागे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. गणितासाठी लागणारे पुढील आसावरील वजन वजनकाट्यावर केवळ पुढील चाके चढवून मिळते. त्यातून चाक, ब्रेक इत्यादी स्प्रिंगखालील भागांचे वजन वजा करावे. मोठ्या वाहनांचे काटे लहान फरक दाखवीत नाहीत, म्हणून वजन दोन-तीनदा घेऊन सरासरी काढावी.

८. कायदेशीर बाजू व मूळ स्वरूपाचा प्रश्न

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात निश्चित केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढे चालू ठेवताना वाहनाची तपासणी होते, तेव्हा असे बदल अडचणीचे ठरू शकतात. शिवाय २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असणे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसणे ही अट आहे.

१९७० च्या दशकाच्या आरंभी नोंदलेल्या गाड्या आता या वयोमर्यादेत आल्या आहेत. अशा वेळी कॉइलओव्हरसाठी बॉडीचा पत्रा कापणे म्हणजे गाडीचा ऐतिहासिक दर्जा धोक्यात घालणे होय. बोल्टने बसणारा व बोल्टने निघणारा भाग पुढे काढून टाकता येतो. कापलेला पत्रा परत येत नाही. म्हणून पर्यायांचा क्रम असा असावा : प्रथम संरेखन व नवे बुश; त्यानंतर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग व शॉकअप; आणि त्यानेही समाधान न झाल्यासच, पत्रा न कापता बसणारा व परिवहन कार्यालयाकडून खातरजमा केलेला कॉइलओव्हर.

९. निष्कर्ष

(१) जुन्या मोटारीतील सस्पेन्शनच्या तक्रारींचा शोध स्प्रिंगपासून नव्हे, तर बॉडीच्या मध्यरेषेपासून सुरू केला पाहिजे.

(२) केवळ समान कर्ण हा संरेखनाचा पुरावा नव्हे. कर्ण, बाजू व मध्यरेषेपासूनची अंतरे ही तिन्ही जुळली पाहिजेत आणि पुढील व मागील आस स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत.

(३) कॉइलओव्हरची निवड तीन स्थितींतील लांबी, गती-गुणोत्तराचा वर्ग आणि चाकावरील प्रत्यक्ष भार या तीन आधारांवरच करावी.

(४) जो आस मुळात पाट्यांवर किंवा टॉर्शन बारवर उभा आहे, तेथे शॉकअपच्या ब्रॅकेटवर गाडीचा भार टाकणे धोकादायक आहे.

(५) धाराशिव जिल्ह्यातील रस्त्यांचा विचार करता मूळ चालती उंची राखणे हिताचे आहे.

(६) ओळंबा, सूत, पाण्याची नळी व टेप यांच्या साहाय्याने होणारे हे मोजमाप एका दिवसाचे काम आहे आणि त्याचा खर्च नगण्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांना त्रिकोणमिती, तरफेचा नियम व दोलन यांचा प्रत्यक्ष उपयोग दाखविण्यासाठी ते प्रात्यक्षिक म्हणूनही घेता येईल. तसे झाल्यास जुन्या गाड्यांचे जतन हे केवळ हौसेचे न राहता शास्त्रशुद्ध कारागिरीचे क्षेत्र बनू शकेल.